रविवारचा पोषाख

आठवड्यांतील सहा दिवस मी जे कपडे घालून वावरतों त्यांविषयीं मला कधींच विचार करावा लागलेला नाहीं. फिकट रंगाचा सदरा, गडद रंगाची विजार आणि झिजून झिजून पायाच्याच आकाराचे झालेले जोडे एवढ्या सामग्रीवर कोणत्याहि महाविद्यालयांतील प्राध्यापक निवृत्तीपर्यंत निर्वेधपणें पोंचूं शकतो. सातव्या दिवसाचा प्रकार मात्र निराळा आहे. रविवारीं पहांटे दिवा न लावतां, घरांतल्या कोणाची झोंप मोडूं नये अशा बेतानें, मी जो वेष अंगावर चढवितों तो पाहून शेजारच्या बंगल्यांतील कुत्रा, जो एरव्हीं मला पाहतांच शेपूट हालवितो, चार वर्षें झालीं तरी अजून भुंकतो. मला त्याचें वैषम्य वाटत नाहीं. अंगाला चिकटून बसणारा भडक केशरी अंगरखा, गुडघ्यांवर कवचें, हातांत मोजे, डोळ्यांवर पिवळसर कांचेचा चष्मा आणि डोक्यावर जागोजाग भोंकें पाडलेलें शिरस्त्राण अशा थाटांत निघालेल्या ५५ वर्षांच्या गृहस्थाकडे पाहून न भुंकणें हें कुत्र्याच्या जातीला शोभणारें नाहीं.

आम्ही एकंदर नऊजण आहों. डोंगरांत सायकली घालण्याचा हा नाद आम्हांला २०२० सालच्या टाळेबंदीनंतर लागला. त्या वर्षीं घरांत कोंडून पडलेल्या पुष्कळ माणसांना मोकळ्या हवेची जी भूक लागली तिचाच हा एक प्रकार. आमच्यांत भूल देण्याचें शास्त्र जाणणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आहेत. त्यांना आम्ही सर्वजण काका म्हणतों, आणि त्यांना तें मुळींच आवडत नाहीं. एक विमाअधिकारी, एक पुस्तकविक्रेता आणि दिवसभर संगणकासमोर बसून डोळ्यांची व पाठीची सारखीच माती करून घेणारे तिघे तरुण आहेत. शिवाय हडपसरकडच्या एका कारखान्यांत फिटरचें काम करणारा एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आहे; त्याच्याविषयीं पुढें लिहावयाचेंच आहे. आम्ही एका आळींतले नाहीं, एका धंद्यांतले नाहीं, आणि सायकल नसती तर आमच्यांतील कोणाहि दोघांची गांठ पडण्याचें कांहीं कारण नव्हतें. पांच वाजतां कोंढव्याच्या पुढें एका चहाच्या टपरीवर जमावें, उजाडण्याच्या सुमारास बोपदेव घाट चढावा, माथ्यावर डांबरी रस्ता सोडून कानिफनाथाच्या डोंगराकडे किंवा पठारावरच्या मेंढरांच्या वाटांनीं चाक नेईल तिकडे भटकावें आणि ऊन तापण्यापूर्वीं खालीं उतरावें, असा आमचा साधारण क्रम.

पुण्याच्या माणसाला सायकल कांहीं नवी नाहीं. एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच हें गांव ओळखलें जाई. माझ्या लहानपणीं तासाच्या भाड्यानें सायकल मिळे, आणि सीटवर बसलें तर पाय पोंचत नसत म्हणून आम्ही नळीखालून पाय घालून, अंग वांकडें करून ती चालवीत असूं. त्या काळीं सायकलवर बसण्यासाठीं निराळे कपडे लागतात असें कोणी सांगितलें असतें तर आम्हीं त्याला वेड्यांत काढलें असतें. विजारीचा पायचा साखळींत अडकूं नये म्हणून घोट्यापाशीं लावावयाचा पत्र्याचा चाप, हाच काय तो सायकलस्वाराचा खास अलंकार. सायकल ही तेव्हां गरज होती. पुढें ज्याला परवडलें त्यानें स्कूटर घेतली, मोटारसायकल घेतली, आणि सायकल मागें राहिलेल्यांची झाली. आतां ती पुन्हां आली आहे ती हौस होऊन. या फरकाची जाणीव मला घाटांत एका गवळ्यानें करून दिली. दुधाचे कॅन दोहों बाजूंना लटकावून तो मोटारसायकलवरून शहराकडे चालला होता. मी चढावर धापा टाकीत होतों. त्यानें गाडी हळू केली, माझ्या एकंदर सरंजामाकडे सहानुभूतीनें पाहिलें आणि विचारलें, "गाडी बंद पडली का तुमची, म्हणून सायकलवर निघालात?"

डोंगरांत सायकल घालण्याची कल्पना कोणा एकाची नव्हे. डांबरी रस्ता टाळून खडबडीत वाटांनीं जाणाऱ्या सायकलस्वारांचा एक संघ इंग्लंडांत १९५५ सालींच निघाला होता. तथापि आज जिला माउंटन बाइक म्हणतात तिचें जन्मस्थान कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगणा होय. तेथील कांहीं उनाड तरुणांनीं तीसचाळीस वर्षांपूर्वींच्या वजनदार, जाड टायरांच्या सायकली अडगळींतून बाहेर काढल्या आणि १९७६ सालीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या वाटेवरून भरधाव खालीं येण्याच्या शर्यती सुरू केल्या. सुमारें २ मैलांत १३०० फूट उतार! मागच्या चाकाच्या तुंब्यांत असलेला ब्रेक इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून त्याचा धूर होऊन जाई, आणि खालीं आल्यावर तुंबा उघडून नवें ग्रीस भरल्यावांचून सायकल पुन्हां उपयोगी पडत नसे. या पुन्हां भरण्यावरूनच त्या वाटेचें नांव 'रीपॅक' असें पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें अशा वाटांकरितां मुद्दाम सायकलीचा सांगाडा बनविला. १९८१ सालीं तशा सायकली कारखान्यांतून घाऊक निघूं लागल्या. आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला जागाहि मिळाली. उनाडपणाला वीस वर्षांत इतकी प्रतिष्ठा क्वचितच लाभली असेल. त्या आरंभींच्या मंडळींचीं छायाचित्रें मला फार आवडतात. जाड निळ्या कापडाच्या विजारी, चौकड्यांचे सदरे, पायांत कामकऱ्यांचे बूट. बहुतेकांचें डोकें उघडें आणि केस वाऱ्यावर. जे आज आपण दुकानांत पैसे मोजून विकत घेतों त्यांतलें जवळजवळ कांहींच त्यांच्या अंगावर नाहीं.

मग हा पोषाख खरोखरच हवा कीं ती नुसती मिजास? या प्रश्नावर आमच्या टपरीवर जितका चहा खर्ची पडला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि प्रश्नावर पडलेला नाहीं. माझें मत असें कीं, यांतील प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र निवाडा केला पाहिजे. कांहीं वस्तू डोंगरानें मागितलेल्या असतात, कांहीं दुकानदारानें.

चड्डीपासून सुरुवात करतों, कारण अनुभवाची सुरुवात तेथूनच होते. सायकलच्या चड्डींत बैठकीच्या जागीं एक गादी शिवलेली असते. तिला धंद्यांतले लोक शॅमॉय म्हणतात. शॅमॉय हें मूळ आल्प्स पर्वतांत राहणाऱ्या, बकऱ्याशीं व हरणाशीं सारखेंच नातें सांगणाऱ्या एका प्राण्याचें नांव. त्याच्या मऊ कातड्याचा तुकडा पूर्वीं सायकलस्वारांच्या चड्डींत शिवीत. आतां कातडें गेलें, स्पंज आला, आणि बिचाऱ्या प्राण्याचें नांव मात्र अशा ठिकाणीं कायमचें चिकटून बसलें. या चड्डीच्या आंत दुसरें कोणतेंहि वस्त्र घालावयाचें नसतें, कारण शिवणीचे पदर जेथें एकावर एक येतात तेथेंच कातडी सोलवटते. ही गोष्ट दुकानांतील तरुणाला मला सांगावयाची होती. गिऱ्हाईक वयानें मोठें आणि पेशानें प्राध्यापक! त्यानें ती तीन निरनिराळ्या दिशांनीं, तीन अर्धवट वाक्यांत सांगितली आणि मग शेजारच्या पंपाचें कौतुक सुरू केलें. सीटच्या बाबतींतहि सर्वसाधारण समज नेमका उलटा आहे. जितकी मऊ तितकी सुखाची असें वाटून लोक उशीसारख्या फुगीर सीट घेतात. वस्तुतः माणूस बसतो तो ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर. सीटची रुंदी त्या दोन हाडांमधील अंतराला जुळली पाहिजे. नाहीं तर हाडें स्पंजांत रुततात आणि सारा भार त्यांच्यामधल्या नाजूक जागेवर येतो. घोड्याचें खोगीर बनविणारे जुने कारागीर हें जाणत होते. त्यांना हाडांचें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें.

अंगरख्याचा प्रश्न आमच्यांत तत्त्वाचा होऊन बसला होता. काकांचा सुतावर अढळ विश्वास. या उष्ण देशांत कापसासारखें वस्त्र नाहीं, रसायनापासून काढलेलें कापड अंगाला लावणें हा अधःपात आहे, असें त्यांचें म्हणणें. चढावर तें खरेंहि वाटे. परंतु सूत घाम पितें आणि धरून ठेवतें. कृत्रिम धाग्याचें कापड तो पृष्ठभागावर पसरवून उडवून लावतें. डिसेंबरांत घाटमाथ्यावर पोंचल्यावर, पाठीला चिकटलेल्या ओल्या सदऱ्यानिशीं उताराला लागलें म्हणजे हा भेद व्याख्यानावांचून समजतो. काकांना तो समजला. त्यांनीं तो कबूल केला नाहीं. दुसऱ्या रविवारीं ते नातवानें भेट दिला म्हणून करड्या रंगाचा एक नवा अंगरखा घालून आले एवढेंच.

हातमोजे, चष्मा आणि गुडघ्यांचीं कवचें यांविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. पडणारा माणूस आधीं हात पुढें करतो, म्हणून मोजे. तासन् तास मुठीवर भार राहिला कीं करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होतें, तेंहि त्यांच्या गादीमुळें कमी होतें. पुढच्या सायकलीनें उडविलेला खडा आणि वाटेवर वांकलेली बोरीची फांदी यांच्यासाठीं चष्मा. पादत्राणांत दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक बूट पेडलला खटक्यानें अडकवून ठेवतात. दुसऱ्या पंथाचे सपाट, खिळ्यांच्या पेडलवर चिकट रबरी तळव्याचा बूट नुसता टेंकवितात. डॉक्टरीणबाई पहिल्या पंथाच्या आहेत आणि आम्हां सर्वांत चांगल्या चालवितात; मी दुसऱ्याचा आहें. घसरड्या जागीं पाय क्षणांत जमिनीला लागावा, याहून मोठी महत्त्वाकांक्षा या वयांत मला उरलेली नाहीं.

कपड्यांपेक्षांहि दख्खनच्या पठारावर पहिला मान टायराचा. कारण येथें देवानें दगडाच्या जोडीला बाभळ निर्माण केली आहे. उन्हाळ्यांत तिचे वाळलेले काटे, सुईपेक्षां टणक आणि खिळ्याइतके लांब, वाटांवर विखरून पडलेले असतात. पहिल्या वर्षीं एकाच सकाळीं आमच्या सात ट्यूबा फुटल्या, आणि डोंगरांत जाऊन आम्ही काय केलें तर आळीपाळीनें पंक्चरें काढलीं. तेव्हांपासून आम्हीं ट्यूबच काढून टाकली. टायर धावेवर हवाबंद बसवितात आणि आंत रबराच्या चिकासारखा पातळ द्रव घालतात. काटा निघाला कीं हवेबरोबर तो द्रव भोंकाशीं धांवतो आणि तेथेंच गोठून बसतो. आपल्याकडच्या उन्हांत तो कांहीं महिन्यांतच सुकतो, तेव्हां पुनः भरण्याची आठवण ठेवावी लागते. ट्यूब नसली म्हणजे हवाहि कमी ठेवतां येते, आणि हीच खरी मौज. अर्धवट मऊ टायर दगडावरून उडत नाहीं. तो दगडाला कवटाळतो आणि पुढें जातो. शहरांत टणटणीत हवा भरण्याची संवय लागलेल्या माणसाला हें पटावयास वेळ लागतो.

एका गोष्टीची मात्र सोय कोणत्याहि दुकानांत होत नाहीं. उतारावर माणूस जिकडे पाहतो तिकडेच चाक जातें. समोरच्या धोंड्याला चुकवावयाचें म्हणून त्याच्याकडे टक लावली कीं सायकल इमानानें त्याच धोंड्यावर जाऊन आदळते. पाहावयाचें असतें तें धोंड्याच्या बाजूच्या मोकळ्या वाटेकडे. डॉक्टरीणबाईंनीं हें मला निदान पन्नास वेळां सांगितलें असेल.

आणि ओल्या मातींत सायकल घालूं नये हा आमचा एकच कडक नियम. शहराच्या मधोमध असलेल्या वेताळ टेकडीवर सकाळीं फिरावयास येणारे लोक सायकलस्वारांवर रागावतात, तें मला अन्यायाचें वाटत नाहीं. पावसाळ्यांत एका चाकानें पाडलेली चाकोरी दुसरें चाक खोल करतें, पाणी तिलाच वाट समजून वाहूं लागतें, आणि चार पावसाळ्यांत पायवाटेचा ओहोळ होतो. मुरूम एकदां वाहून गेला म्हणजे खालच्या काळ्या कातळावर गवताची काडी उगवण्यास किती काळ लागेल, हें ज्यानें हीं पठारें पाहिलीं आहेत त्याला सांगावयास नको.

हेल्मेट मीं शेवटीं ठेवलें, कारण त्याच्याशीं त्या फिटर मुलाची हकीकत जोडलेली आहे.

त्याची सायकल त्यानें स्वतः जुळविलेली होती. सांगाडा भंगारांतून घेतलेला, पुढचें चाक एका कंपनीचें, मागचें दुसऱ्या, आणि ब्रेक तिसऱ्याच. पायांत कारखान्याचे लोखंडी टोंकाचे बूट, अंगांत फुटबॉलचा विटका अंगरखा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. या सामग्रीनिशीं तो घसाऱ्यावरून जसा उतरे तसें आमच्यांतल्या लाख-लाख रुपयांच्या सायकलीवाल्यांना कधीं जमलें नाहीं. मॅरिनच्या त्या जुन्या छायाचित्रांतून उतरून तो आमच्या घाटांत आला आहे असें मला वाटे. आणि डॉक्टरीणबाईंना वाटे तें निराळेंच. एका रविवारीं टपरीवर त्या एकदम म्हणाल्या, "मी यापुढें त्याच्या मागून सायकल चालवणार नाहीं. पुढें त्याचें डोकें दिसत राहतें." ऑपरेशनच्या टेबलावर डोक्याकडच्या बाजूला उभें राहून ज्यांनीं वीस वर्षें काढलीं त्यांच्या बोलण्याला काय उत्तर देणार?

विमाअधिकारी म्हणाले, आपण वर्गणी काढूं. पुस्तकविक्रेते म्हणाले, माझें जुनें हेल्मेट घरीं पडूनच आहे. डॉक्टरीणबाईंनीं दोन्ही सूचना एका वाक्यांत फेटाळल्या. जुनें हेल्मेट देतां येत नाहीं याचें कारण त्याच्या रचनेंतच आहे. वरचें कवच पातळ असतें. खरें काम करतो तो आंतला पांढरा, दाण्यादाण्यांचा फोम. आपटल्याबरोबर तो चिरडतो, आणि चिरडण्यांत त्या आघाताचा जोर खर्च होतो. डोकें थांबतें तें एकदम न थांबतां क्षणाचा कांहीं अंश उशिरा थांबतें. मेंदूला तेवढीच उसंत हवी असते. पण चिरडलेला फोम पुन्हां फुगत नाहीं. एकदां कामास आलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी आंतून संपलेलें असतें, आणि दुसऱ्याच्या हेल्मेटचा इतिहास आपणांस ठाऊक नसतो. वर्गणीविषयीं त्या एवढेंच म्हणाल्या, "त्याला विचारा तरी आधीं."

विचारण्याचें काम माझ्याकडे आलें. मुलानें शांतपणें ऐकून घेतलें. "मला माहीत नाहीं म्हणून घालत नाहीं असं नाहीं, सर," तो म्हणाला, "दिवाळीच्या बोनसमध्यें घेणारच आहे." दिवाळीला पांच महिने होते. मधले पांच महिने येऊं नकोस असें म्हणण्याचा अधिकार आमच्यांतल्या कोणाला होता? आणि घे असें म्हणण्याचा तरी?

तिढा सोडविला तो काकांनीं. त्यांचा सारा जन्म ठेकेदारांशीं करार करण्यांत गेलेला. पुढच्या रविवारीं ते एक कागद घेऊनच आले. आम्हां आठजणांचीं मिळून सोळा चाकें; दगडांच्या माऱ्यानें त्यांतील निम्मीं नेहमीं वांकडीं असतात; आणि आरे कसून चाक सरळ करण्यांत या मुलाचा हात धरणारा आमच्या माहितींत कोणी नाहीं. एका हंगामाची मजुरी, बाजारभावानें, इतकी, त्यांतून हेल्मेटची किंमत वजा, बाकी रोख. कागदावर सहीसाठीं जागा सोडली होती. मुलानें तो दोनदां वाचला. मग म्हणाला, "एक कलम घाला, काका. तुम्ही पण हेल्मेट घ्यायचं."

सर्वजण चुप झाले. काका गेलीं कित्येक वर्षें एक सुती गोल टोपी घालून सायकल चालवीत आले होते, आणि त्या टोपीविषयीं बोलण्याची आमची कोणाची छाती नव्हती. त्यांनीं खिशांतून पेन काढलें, कलम लिहिलें आणि खालीं सही केली.

एच्. जी. वेल्सची 'द व्हील्स ऑफ चान्स' ही १८९६ सालची कादंबरी पुष्कळांनीं वाचली नसेल. कापडाच्या दुकानांतला एक गरीब नोकर सुटींत सायकलवरून निघतो; अंगांत नवा तपकिरी पोषाख. वाटेंत त्याला एक सुखवस्तु गृहस्थ आढळतो, त्याचाहि पोषाख तसाच तपकिरी. मनुष्य बोलूं लागेपर्यंत त्याचा वर्ग ओळखूं येऊं नये एवढी करामत त्या काळच्या सायकलच्या कपड्यांनीं केली होती. आम्ही ज्या दुकानांत गेलों तेथें उलट अनुभव आला. मला व काकांना "या सर, बसा सर," आणि आमच्या मागून आलेल्या त्या मुलाला, "तूं इकडे बघ, इकडे स्वस्तातले आहेत." त्यानें तें मनावर घेतलें नाहीं, निदान तसें दाखविलें नाहीं. तो महाग मांडणीपाशींच उभा राहिला. एकेक हेल्मेट उलटें करून त्यानें आंतलें लेबल वाचलें: कोणत्या मानकाप्रमाणें तपासलेलें, कोणत्या महिन्यांत बनलेलें. मागची चकती फिरवून पाहिली. डोक्यावर ठेवून, पट्टा न बांधतां, मान खालीं घालून हलविली. पडतें का पाहिलें. भुंवयांवर दोन बोटें ठेवून पुढची कड नेमकी त्यांच्यावर येते कीं नाहीं तें अजमावलें. कानाखालीं दोन्ही पट्ट्यांचा त्रिकोण जुळविला. भोंकाभोंकांतून बोट घालून फोमची जाडी चांचपली. कांहीं हेल्मेटांत एक पिवळसर अस्तर असतें. डोकें तिरकें आपटलें तर तें आंतल्या आंत किंचित् सरकतें आणि मेंदूला बसणारी पीळ कमी होते. दुकानदार त्याविषयीं कांहीं सांगूं लागला तेव्हां मुलानें त्याला दोन प्रश्न विचारले, आणि त्यानंतर दुकानदार त्याला "तुम्ही" म्हणूं लागला. शेवटीं त्यानें जें निवडलें तें रंगानें मळकट हिरवें, शोभेचें कांहीं नाहीं, आणि मधल्या किंमतीचें होतें. काकांनीं काय घ्यावें हेंहि त्यानेंच ठरविलें.

यंदाच्या फेब्रुवारींत आम्ही कानिफनाथाच्या देवळाकडून मागच्या बाजूच्या वाटेनें उतरत होतों. त्या देवळांत गाभाऱ्याचें दार इतकें लहान आहे कीं आंत सरपटत जावें लागतें. आमचे विमाअधिकारी त्यांतून पार झाले त्या दिवसाचें वर्णन ते अजून करतात. तेंच करीत आम्ही हंसत निघालों होतों. मुलगा पुढें होता, डॉक्टरीणबाई त्याच्या मागें, आणि मी तिसरा. पावसानें पाडलेल्या एका घळींत सुटा मुरूम साचला होता. त्याचें पुढचें चाक त्यांत आडवें झालें. तो सायकलीवरून पुढें फेंकला गेला आणि कातळाच्या एका उंचवट्यावर त्याचें डोकें आपटलें. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

तो लगेच उठून बसला. डॉक्टरीणबाई सायकल टाकून तेथें पोंचल्याहि होत्या. त्यांनीं त्याला वार विचारला, महिना विचारला, आपण कोठें आहों तें विचारलें, दोन्ही डोळ्यांवर दिव्याचा झोत टाकून पाहिलें, मान चांचपली, आणि अर्धा तास उठावयाचें नाहीं म्हणून बजावलें. दुपारीं त्यांनीं त्याला स्वतः नेऊन डोक्याची तपासणीहि करविली. आंत कांहीं झालें नव्हतें. पण तें दुपारीं. त्या वेळीं डोंगरावर आम्ही आठहिजण त्याच्याभोंवतीं उभे होतों आणि कोणाला बोलावयास शब्द सुचत नव्हता. हेल्मेट मध्यें चिरलें होतें. डाव्या कानाच्या वर, मुठीएवढ्या जागेंत, फोम बोटभर जाड होता तो पुठ्ठ्याइतका चपटा झाला होता. मुलगा त्यावर आंगठा दाबून पाहत राहिला. मग त्यानें डॉक्टरीणबाईंना विचारलें, "हें चिकटवतां नाहीं ना येणार?" त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्याच्या हातांतून तें काढून घेतलें आणि आपल्या पाठपिशवींत घातलें.

अर्धा तास झाल्यावर त्याचें लक्ष सायकलीकडे गेलें. पुढचें चाक भाजलेल्या पापडासारखें वांकलें होतें. त्यानें तें सोडवून मांडीवर घेतलें, खिशांतून आरे कसण्याची लहानशी चावी काढली, आणि एकेक आरा कानाशीं नेल्यासारखा वाजवून पाहूं लागला. काका समोर बसून आंस धरून राहिले. "काका," तो मान वर न करतां म्हणाला, "कागदावर सोळाच चाकं होतीं. हें त्यांत नाहीं." काका म्हणाले, "तूं कस. मी धरतों." पुस्तकविक्रेत्यांनीं भेळेची पुडी सोडली. पाऊण तासांत चाक फिरण्याजोगें झालें.

उतार अजून बराच बाकी होता, पण खालीं येतांना कोणीहि सायकलवर बसलें नाहीं. काका सर्वांच्या पुढें चालले होते. सायकल हातांत, हेल्मेट डोक्यावर, आणि पट्टा हनुवटीखालीं घट्ट बांधलेला.